पाऊण फेरा

गुरुवारी भोसरीची लाईट बंद.
लेथवर फडकं टाकून, शटर अर्धं ओढून
मी डबा खात असतो, तेव्हा खळदकर वाकून आत येतात.
पिशवीत चकती, ॲल्युमिनियमची, मीच कातलेली.
"दस्तगीर, अकरा अंशांचं साडेअकरा करायचं."

टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झाल्यापासून
ही सहावी. नाही, सातवी.
पाचवी त्यांच्या मिसेस दुधावर झाकतात,
तिरकी भोकं आहेत, वाफ जायला बरी.

चुंबकं जुन्या बाजारातली, रविवारची, बुधवारची :
फाटक्या स्पीकरांच्या पोटातली काळी वर्तुळं,
मेलेल्या कॉम्प्युटरांतली नखाएवढी, चकचकीत, चावरी.
एकदा दोघांच्या मध्ये करंगळी सापडली.
काळंनिळं नख तीन महिने पुढे सरकत होतं
आणि दर गुरुवारी ते मला दाखवायचे,
"ताकद बघ."
पेन्शनचं कार्ड दोनदा पुसलं गेलं.
बँकेतली मुलगी आता कारण विचारत नाही.

त्यांचं म्हणणं सरळ आहे.
सारखी टोकं एकमेकांना ढकलतात ना?
मग गोलात मांडली तर ढकलतच राहतील.
तेल नको, बिल नको,
मीटरचा फोटो काढणारा पोरगा नको.

मी काय बोलणार, नववी नापास.
पण माझ्या डायलचा स्टँड चुंबकाचाच आहे.
वीस वर्षं लोखंडाला धरून बसलाय,
उपटायला दोन हात लागतात,
आणि वीस वर्षांत त्यानं
एक सूत माल कापलेला नाही.

फिरतं ते. फिरत नाही असं नाही.
बोटानं टिचकी मारायची :
पाव, अर्धा, पाऊण,
आणि मग ज्या चुंबकानं पाठीवर हात ठेवून पुढे धाडलं
तोच दारात आडवा.
दाव्याचा हिसका बसलेल्या वासरासारखं
चाक मागे येतं, पुढे जातं, मागे येतं,
आणि मान हलवायचं थांबतं.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी फोन. "घरी ये. आत्ता."
दापोडीला, तिसऱ्या मजल्यावर, चप्पलसुद्धा काढू दिली नाही.
बेअरिंग माझं होतं, डिस्कमधलं,
रॉकेलनं धुऊन ग्रीस काढून टाकलेलं.
चाक फिरत होतं.
पाऊण फेऱ्याशी जरा अडखळायचं, विचार केल्यासारखं,
आणि ओलांडायचं.
चाळीसपर्यंत मी मोजलं.
मिसेस पिठाचे हात घेऊन दारात आल्या,
कुकरची तिसरी शिट्टी झाली तरी हलल्या नाहीत.
खळदकरांच्या गळ्यातलं हाड वर गेलं, खाली आलं.

मग ते उठले,
भिंतीपाशी गेले
आणि पंखा बंद केला.

एकवर होता. पाती सावकाश दिसायला लागली.
त्यांच्या मागोमाग चाकही.
पाव. अर्धा. पाऊण.

वहीत तारीख घातली. "पंखा चालू होता."
खाली पट्टीनं रेघ मारली, नीट, मार्जिनपासून मार्जिनपर्यंत.
"चहा घे," म्हणाले.

पंखा मी आत शिरतानाच पाहिला होता.
मी बोललो नसतो.
चहा पिताना हे डोक्यात होतं,
आणि कपाची कड तुटकी होती.

साडेअकरा अंशांचे पैसे मी घेत नाही, मालाचे घेतो.
उरलेला कीस ते कागदात बांधून नेतात, कशाला ते विचारलेलं नाही.

रात्री मशीन बंद केलं की चक उगाच फिरत राहतो.
पूर्वी मी तळहात लावून दाबायचो,
उस्ताद शिव्या द्यायचे, पण सगळे असंच करतात,
घरी जायची घाई.
हल्ली बटण दाबून, हात पुसत
बाजूला उभा राहतो,
तो आपला आपण थांबेपर्यंत.